लीड कोण, फॉलो कोण?

गेल्या अंकात क्विअर टँगोवर दोन पानांचा लेख होता. दोन बायका, दोन पुरुष, किंवा कुणीही दोघं टँगो नाचू शकतात आणि भूमिका, म्हणजे पाऊल सुचवायचं (लीड) की सुचवलेलं घ्यायचं (फॉलो), ठरवून घेतात, एवढाच त्याचा गाभा. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: "समजलं, पण करायचं कसं?" त्यातली काही पत्रं थोडी कापून इथे देत आहोत. नावं आम्ही मागितली नव्हती, त्यामुळे छापण्याचाही प्रश्न नाही.

दादरहून: आम्ही दोघी जूनपासून एका टँगो क्लासला जातोय. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "पुरुष या बाजूला, बायका त्या बाजूला." आम्हाला एकत्र नाचायचंय म्हटल्यावर म्हणाले, "मग एकीने पुरुषाचं करा." क्विअर टँगोत स्टेप्स वेगळ्या असतात का? आणि हे 'पुरुषाचं' म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

स्टेप्स त्याच. चालणं तेच, ओचो (पावलांनी काढलेला इंग्रजी आठचा आकडा) तेच, गोल फिरायचा 'हीरो'ही तोच (स्पॅनिशमध्ये इ आणि ए च्या आधी ग चा ह होतो, आपल्या सिनेमातल्या हीरोशी त्याचा संबंध नाही). वेगळं आहे ते एवढंच, की कोणती भूमिका कुणी करायची हे शरीर बघून ठरत नाही, विचारून ठरतं.

तुमचे सर ज्याला 'पुरुषाचं' म्हणतात त्यात तीन कामं येतात. पुढचं पाऊल कुठे आणि कधी पडणार ते सुचवायचं. आजूबाजूच्या जोड्या सांभाळत रांगेतली आपली जागा धरून ठेवायची. आणि समोरच्या व्यक्तीचं पाऊल पूर्ण होईपर्यंत थांबायचं. यातल्या एकाही कामाला मिशी लागत नाही. 'बायकांचं' म्हणतात तेही नुसतं मागे मागे जाणं नव्हे. स्वतःचा तोल स्वतःच्या पायावर ठेवायचा, सुचवलेलं पाऊल आपल्या लांबीने आणि आपल्या वेळेत पुरं करायचं, आणि पुढचं पाऊल अंदाजाने आधीच टाकायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. नीट फॉलो करणारी व्यक्ती आळशी नसते, ती थांबू शकते.

फुगडी घालता येत असेल तर एक फरक लवकर कळेल. फुगडीत दोघी बाहेरच्या बाजूला कलतात आणि एकमेकींच्या ताणावर उभ्या राहतात. एकीने हात सोडला की दुसरी पडते. टँगोत असं चालत नाही. मिठी कितीही जवळची असो, ती कुठल्याही क्षणी सुटली तरी दोघींना जागच्या जागी उभं राहता आलं पाहिजे. घरी तपासून बघा. चालता चालता तिसऱ्या कुणाला तरी "सोडा" म्हणायला सांगा. जी पुढे झुकून पाऊल टाकते, ती जोडीदाराला टेकून चालत होती.

इतिहासाचं म्हणाल, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ब्युनोस आयर्सची छायाचित्रं आणि पोस्टकार्डं पाहा. रस्त्यात दोन पुरुष टँगो नाचताना त्यात सहज दिसतात. शहर स्थलांतरित पुरुषांनी भरलेलं होतं, आणि नाच शिकायचा तो पुरुषांच्या सरावात, आधी बरेच दिवस फॉलो करून. ते सगळे क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे, होते असा दावा कुणी करू नये. पण "दोन पुरुषांनी टँगो नाचणं परंपरेत बसत नाही" असं कुणी ऐकवलं, तर परंपरेची सुरुवात कशी दिसत होती ते त्यांना दाखवता येईल. 'क्विअर टँगो' या नावाचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव 2001 साली हॅम्बुर्गला भरला. म्हणजे ही चळवळ जर्मनीत बाळसं धरून मग टँगोच्या माहेरी गेली. ब्युनोस आयर्समध्ये 'ला मार्शाल' ही गे मिलोंगा 2002 मध्ये सुरू झाली, आणि मारियाना दोकाम्पो यांनी 2005 मध्ये 'टँगो क्विअर' सुरू केलं. (मिलोंगा म्हणजे टँगोची नाचसभा. त्याच नावाचा एक जलद तालही आहे, त्याने घोटाळा होतो.)

सरांना एवढंच सांगा: "आम्ही दोघी दोन्ही शिकणार आहोत, गाण्यागाण्याने बदलू." चालणं पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी शिका. हीरोची मात्र घाई नको. फॉलो करणारी व्यक्ती त्यात पुढे, बाजूला, मागे, बाजूला अशी वर्तुळावर चालते आणि लीड मध्यभागी वळत राहते. दोन्ही नकाशे एकाच आठवड्यात डोक्यात भरले तर दोन्ही पुसले जातात.

ठाण्याहून: आम्ही दोघे पुरुष. माझी उंची सहा फूट, जोडीदाराची पाच फूट चार इंच. मी लीड करतो तेव्हा सगळं ठीक असतं. पण गाण्याच्या मध्ये लीड त्याच्याकडे द्यायची म्हटलं की हातांची गाठ बसते, आणि गाठ सुटेपर्यंत गाणं संपतं.

आधी हात बघू. तुम्ही लीड करताना तुमचा उजवा हात त्यांच्या पाठीवर असतो, त्यांचा डावा हात तुमच्या उजव्या दंडावरून वर गेलेला असतो. ही बंद बाजू. पलीकडे तुमच्या डाव्या हातात त्यांचा उजवा हात असतो. ही उघडी बाजू. अदलाबदल म्हणजे या दोन बाजूंची अदलाबदल. बहुतेकांची चूक एकच: आधी बंद बाजू उघडतात. मग चारही हात हवेत, छाती दूर, आणि दोघं लग्नात हार घालायला उभे असल्यासारखे दिसतात. क्रम उलटा हवा. आधी उघडी बाजू बंद करा, मगच बंद बाजू उघडा.

आता हे पावलांसकट. तुम्ही डावीकडे एक पाऊल बाजूला टाका. तुमचं वजन डाव्या पायावर आलं, त्यांचं उजव्या. मोकळा पाय जवळ आणा, पण त्यावर वजन देऊ नका. थांबा. तुमचा डावा तळहात सैल करा. त्यांचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताखालून तुमच्या पाठीकडे जाईल, आणि तुमचा डावा हात त्यांच्या उजव्या दंडावर टेकेल. या क्षणी दोन्ही बाजू बंद आहेत, म्हणजे ही नुसती साधी मिठी आहे. इथे एक श्वास घ्या. मग तुमचा उजवा हात त्यांच्या पाठीवरून त्यांच्या डाव्या बरगडीकडे सरकवत बाहेर काढा. तुमच्या दंडावरचा त्यांचा डावा हात त्याच वेळी खाली येईल, आणि दोन तळहात बाहेरच्या बाजूला भेटतील. झालं. सुरुवातीला याला चार ठोके लागतात, सवयीने दोन पुरतात.

वजनाचा आग्रह का, तर नव्या लीडला बहुधा डाव्या पायाने निघायचं असतं. वरच्या क्रमात त्यांचा डावा आणि तुमचा उजवा पाय आपोआप मोकळा राहतो. थांबल्यावर तुम्ही दोन्ही पायांवर वजन वाटून उभे राहिलात, तर तुमचा कोणता पाय मोकळा आहे हे त्यांना कळणार नाही, आणि पहिलंच पाऊल तुमच्या अंगठ्यावर पडेल.

एक गोष्ट क्लासमध्ये सांगायची राहून जाते. हात बदलले तरी तोंडं बदलत नाहीत. नाचणाऱ्यांची रांग, म्हणजे रोंदा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. तुम्ही रांगेच्या दिशेला तोंड करून होतात, म्हणजे अदलाबदल झाल्यावर नव्या लीडचं तोंड मागून येणाऱ्या जोडीकडे. ते तसेच निघाले तर टक्कर ठरलेली. म्हणून हात लागल्यावर पहिलं काम अर्धं वळण, जागच्या जागी, चार छोट्या पावलांत. त्यात डावा, उजवा, डावा, उजवा झालं की पुढच्या पावलाला डावा पाय पुन्हा मोकळा. अदलाबदल हॉलच्या कोपऱ्यात केलेली बरी, तिथे वळायचंच असतं आणि मागच्या जोडीलाही त्याची कल्पना असते.

आणखी एक अडचण हाताची नाही, स्वभावाची आहे. लीड दिल्यावर तुमची छाती हुकूम देत राहते, निवृत्त झालेले हेडमास्तर शाळेत चक्कर मारतात तशी. उपाय साधा: हात बदलून झाल्यावर पहिली आठ पावलं डोळे मिटून चाला. डोळे मिटले की दिशा ठरवायचा मोह निम्मा होतो.

भूमिका मागायची खूण आपसात ठरवून ठेवा. एक चालण्यासारखी खूण अशी: ज्याला बदल हवा त्याने उघड्या बाजूचा तळहात सैल करायचा. समोरच्याने तो पुन्हा धरला तर अर्थ "आत्ता नको". सैल राहू दिला तर "चल". गाणं मध्येच तोडू नका. टँगोचं संगीत वाक्यावाक्यांनी चालतं, साधारण आठ ठोक्यांनी एक वाक्य पुरं होतं. त्या पूर्णविरामावर बदल केला तर बघणाऱ्याला कळतही नाही. आधी संगीताशिवाय दहा वेळा, मग टँगोचे जुने वाद्यवृंदप्रमुख कार्लोस दि सार्ली यांच्या संथ वाद्यगतींवर.

उंचीचं: आठ इंचांचा फरक अडचणीचा नाही, पण वाकणं आहे. सहा फुटी माणूस फॉलो करताना गुडघे मुडपून बुटका व्हायला बघतो, आणि तिथे त्याचं चालणं मरतं. सरळ उभे राहा. तुमचा डावा हात त्यांच्या मानेभोवती नको, दंडाच्या वरच्या भागावर ठेवा. त्यांनी तुमच्या खांद्याच्या हाडापर्यंत हात ताणायची गरज नाही, आपल्याच छातीच्या उंचीवर तुमच्या पाठीवर ठेवावा. उघड्या बाजूचे हात त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असू देत, तुमच्या नव्हे. त्यांना समोरचं दिसणार नाही, कारण समोर तुम्ही आहात. म्हणून मिठी उघड्या बाजूला जरा सैल, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी ठेवा. तिथून रांग दिसते.

गिरगावातून: मी ट्रान्स पुरुष आहे. बाइंडर घालून दोन तास नाचणं बरं का? दुसरं म्हणजे, शिकवताना सारखं "तो पुढे जातो, ती मागे जाते" ऐकलं की पावलंच जड होतात. मराठीत याला काही पर्याय आहे का?

बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, बरगड्यांना फुलू देत नाही. टँगो दिसायला शांत असला तरी दोन तासांत श्वास चांगलाच लागतो, त्यात मिठीचा दाब वेगळा. सरावाला बाइंडरऐवजी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाडसर कापडाचा सैल शर्ट, हे जास्त सुरक्षित. बाइंडर घालायचाच असेल तर एक माप मोठा घ्या, आणि दर तीन-चार गाण्यांनी बसा. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळून तर मुळीच नाचू नका. श्वासाबरोबर ती सैल होत नाही. बरगडीत कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, चक्कर आली, तर तांदा (सलग लागणाऱ्या तीन-चार गाण्यांचा संच) अर्धा सोडून बाहेर या. छातीची शस्त्रक्रिया झाली असेल तर हात खांद्याच्या वर कधी न्यायचे हे सर्जनला विचारूनच ठरवा; मिठीत डावा हात वरच जातो. आणि जोडीदाराला एक वाक्य सांगून ठेवा, "पाठीवर हात जरा वर ठेव." कारण सांगायची गरज नाही.

भाषेचा प्रश्न मराठीत इंग्रजीपेक्षा अवघड आहे. आपलं क्रियापदच लिंग सांगून टाकतं: जातो, जाते. 'लीड करणाऱ्याने' म्हटलं तरी पुरुष आलाच. पण सुटकाही मराठीतच आहे, आदरार्थी अनेकवचनात. "लीड करणाऱ्यांनी डावा पाय पुढे टाकावा, फॉलो करणाऱ्यांनी उजवा मागे न्यावा." यात कोण आहे ते कळत नाही आणि वाक्य अवघडही होत नाही. किंवा माणूस सोडून पायाबद्दल बोलावं: "वजन डाव्यावर, उजवा मोकळा." चांगले शिक्षक तसेही पायाबद्दलच बोलतात. शिकवणाऱ्यांना हे वाक्य लिहून द्या. बऱ्याचदा वाईट हेतू नसतो, जिभेला सवय असते.

डोंबिवलीहून: माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. दर शनिवारी टँगोला जातो. तिथे मुलगे मुलग्यांबरोबर नाचतात म्हणे. अनोळखी माणसांना मिठी मारायची हे मला पटत नाही. हे कायद्यात बसतं का? काळजी वाटते.

ताई, कायद्याची काळजी सोडा. दोन पुरुषांनी नाचणं हा गुन्हा कधीच नव्हता, आणि सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून काढले.

मिठी हा शब्द मराठीत फार भारी आहे, म्हणून घाबरायला होतं. टँगोत तिला अब्रासो म्हणतात आणि तिचे नियम आपल्या बसमधल्या गर्दीपेक्षा कडक आहेत. किती जवळ यायचं ते फॉलो करणारी व्यक्ती ठरवते. हात पाठीवर राहतो, कमरेखाली जात नाही. गाण्यागाण्यांच्या मध्ये मिठी सुटते. कुणी हे मोडलं तर मध्येच थांबून जाता येतं आणि आयोजकांना सांगता येतं. मुलाला विचारायचंच असेल तर हे विचारा: तुमच्याकडे तक्रार कुणाकडे करायची ते ठरलेलं आहे का? आणि शेवटची डोंबिवली लोकल चुकली तर कुणाकडे झोपतोस? खरी काळजी तिथे आहे.

विलेपार्ल्याहून: मिलोंगात नाचायला विचारायचं कसं? नजरेने विचारतात असं वाचलं. पण समोरच्याला लीड करायची आहे की फॉलो हे नजरेवरून कसं कळणार?

नेहमीची पद्धत अशी: लांबून बघायचं (मिरादा), नजर भिडली की मान किंचित हलवायची (काबेसेओ), समोरून मान हलली तर होकार. नजर वळवली तर नकार, तोही चारचौघांत कुणाचा अपमान न होता. पद्धत हुशार आहे. पण तिच्यात एक गृहीतक लपलेलं आहे: पुरुष विचारणार आणि लीड करणार, बाई होकार देणार आणि फॉलो करणार. क्विअर मिलोंगात ते गृहीतक काढलं की एक प्रश्न उरतो, आणि तो सरळ तोंडाने विचारतात: "लीड, फॉलो, की बदलत जाऊ?" होकारानंतर, फ्लोअरच्या कडेला, मिठी घेण्याआधी. फ्लोअरवर पोचल्यावर विचारलं तर मागची रांग तुंबते.

लांबूनच विचारायचं असेल तर उजवा हात हवेत पाठीवर ठेवल्यासारखा गोल करून दाखवा, म्हणजे "मी लीड?" तळहात वर करून पुढे केला तर "तू लीड?" आपल्या ग्रुपमध्ये या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. गावोगाव त्या सारख्या नसतात.

होकार दिला की तो पूर्ण तांद्याचा असतो. टँगोच्या तांद्यात बहुधा चार गाणी, वॉल्ट्झ किंवा मिलोंगाच्या तांद्यात तीन. मग कोर्तिना, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा वेगळ्याच संगीताचा तुकडा, तो लागला की सगळे जागेवर. भूमिका तांद्यातल्या दोन गाण्यांनंतर बदलणं सोयीचं. दर गाण्याला बदलत राहिलं तर एकमेकांची सवय व्हायच्या आतच मोडते. आमचं मत: अनोळखी जोडीदाराबरोबर पहिल्या तांद्यात बदलूच नये.

चेंबूरहून: आम्हा दहा-बारा जणांना सोसायटीच्या हॉलमध्ये क्विअर टँगोचा सराव सुरू करायचाय. हॉल 20 बाय 30 फुटांचा, व्हिट्रिफाइड टाइल्स. बूट महाग आहेत. काय काय लागेल? आणि हे फक्त क्विअर लोकांसाठी ठेवावं का?

शेवटचं आधी: नाही. भूमिका मोकळी ठेवायला तयार असलेला कुणीही चालेल. जगभर बहुतेक ठिकाणी तसंच आहे. नियम मात्र दारावर लावा, "भूमिका विचारून घ्या", नाहीतर सहाव्या आठवड्यात पुन्हा पुरुष या बाजूला आणि बायका त्या बाजूला उभे दिसतील.

हॉल पुरेसा आहे. 600 चौरस फुटांत सहा जोड्या आरामात, दहा दाटीने. सगळ्या खुर्च्या एकाच भिंतीला लावू नका, चारही कडांना थोड्या थोड्या ठेवा; मधला लंबगोल आपोआप तयार होतो आणि रोंदा टिकते.

खरा प्रश्न फरशी आणि तळव्याचा. ओचोत आणि हीरोत पावलाच्या पुढच्या चवड्यावर वळायचं असतं. रबरी तळवा फरशी पकडून ठेवतो, अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. पहिल्या महिन्यातली गुडघेदुखी बहुतेक वेळा इथूनच येते, वयातून नाही. उलट गुळगुळीत चामड्याचा तळवा धूळ बसलेल्या टाइल्सवर सटकतो. मधला मार्ग स्वेड, म्हणजे खरखरीत चामडं. जुने, पातळ तळव्याचे, टाच धरून ठेवणारे बूट घ्या आणि मोच्याकडून दीड-दोन मिलिमीटर जाडीचं स्वेड लावून घ्या, खरखरीत बाजू बाहेर. स्पोर्ट्स शूजना लावू नका. त्यांचा तळवा जाड आणि कडेला रुंद असतो, फरशी जाणवत नाही. टाच उंच हवीच असं नाही, फॉलो करणाऱ्यांनाही नाही. हे बूट पिशवीतून न्यायचे, हॉलमध्येच घालायचे. स्टेशनपर्यंत घालून गेलात की स्वेड संपलं.

बूट होईपर्यंत सपाट बुटांवरून जाड सुती मोजे ओढा, फक्त चवड्यापर्यंत. टाच मोकळी ठेवा, तोच ब्रेक. पावसाळ्यात स्वेड दमट होऊन चिकटतं. तारेच्या ब्रशने एकाच दिशेने चार-पाच वेळा घासा, रात्री आत वर्तमानपत्र कोंबा. फरशी ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, अर्धी ओली सगळ्यात वाईट. आणि कुणीतरी हमखास टाल्कम पावडर आणेल. ती परत पाठवा. दोन जणांच्या तळव्यांनी ती सगळ्या हॉलभर जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे बारसं असतं.

दोन तासांची आखणी: पहिली वीस मिनिटं नुसतं चालणं, एकट्याने, मिनिटाला साधारण 60 ते 66 ठोके. मग जोडीने चालणं, दर गाण्याला भूमिका बदल. त्यानंतर एकच गोष्ट, एकच: आज फक्त ओचो, किंवा फक्त अदलाबदल. शेवटची चाळीस मिनिटं तांदे लावून मोकळा नाच. तांद्यात एकच ऑर्केस्ट्रा आणि एकच काळ ठेवा. दि सार्लीचं 1940 च्या सुमाराचं आणि 1950 च्या दशकातलं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावलं तर पाऊल दुसऱ्या गाण्यात अडखळतं, वेग आणि भार दोन्ही बदललेले असतात. चालण्यासाठी दि सार्ली, ताल पक्का करायला हुआन दारिएंसो, विशेषतः 1935 नंतरची, रोदोल्फो बियाजी पियानोवर असतानाची. ओस्वाल्दो पुग्लिएसे सहा महिने लावू नका. त्यातले थांबे मोहात पाडतात, आणि नवखी माणसं त्या मोहात नाचायचं सोडून पोझ देतात.

स्पीकर एका टोकाला, उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. टाइल्सच्या हॉलमध्ये दोन टोकांना दोन स्पीकर लावले तर ठोका नीट ऐकू येत नाही. रात्री दहाला बंद. सोसायटीच्या अर्जात "नृत्य सराव" एवढं पुरे.

कांदिवलीहून: पुढच्या वर्षी ब्युनोस आयर्सला जायचं ठरतंय. क्विअर टँगोसाठी काय माहीत असावं?

तिकडचे ऋतू उलटे. जून ते ऑगस्ट थंडी, जॅकेट लागतं. टँगोचा मुंदियाल, म्हणजे जागतिक स्पर्धा, ऑगस्टमध्ये असते, आणि 2013 पासून तिथे एकाच लिंगाच्या जोड्यांनाही उतरता येतं. समलिंगी विवाहाचा कायदा जुलै 2010 चा, त्यामुळे हॉटेलात दोघांनी एक खोली मागितल्यावर कुणी भुवया उंचावेल याची भीती नको. तिथे अमुक मिलोंगा अमुक वारी, असं असतं, आणि जागा बदलत राहतात. निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. मुंबईहून थेट विमान नाही, चोवीस तासांच्या वरच धरा, आणि पोचल्या रात्रीच नाचायला जाऊ नका. सुजलेल्या पायांत बूट चढत नाहीत.

मिलोंगा उशिरा रंगतात, मध्यरात्रीनंतर. बऱ्याच ठिकाणी आधी क्लास असतो, त्याला जरूर जा. तिथे भेटलेली माणसं नंतर नजर देतात. पारंपरिक मिलोंगात दोन पुरुष किंवा दोन बायकांनी नाचण्याबद्दल दर ठिकाणचा कल वेगळा, म्हणून पहिला तांदा खुर्चीतून बघा. बाहेरच्या रांगेत घुसताना लीड करणाऱ्यांनी मागून येणाऱ्या जोडीच्या लीडकडे बघून परवानगी घ्यायची, मान हलली की मगच पाऊल आत.

आणि 'ग्रासियास' जपून वापरा. आपल्याकडे पहिलं गाणं संपलं की सवयीने थँक यू निघतं. तिथे तांद्याच्या मध्ये ग्रासियास म्हटलंत तर त्याचा अर्थ "बस, मला तुमच्याबरोबर आणखी नाचायचं नाही", आणि समोरची व्यक्ती तुम्हाला शांतपणे खुर्चीपर्यंत सोडून येते.